अभिवाचनाचा उतारा

"यशश्री उकिडवे बोलताय का?" असं फोनवरच्या अनोळखी माणसाने विचारलं तेव्हा प्रतिमा बेंगळुरूतल्या जयनगरच्या बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, ढिगाशी वाकून भरलेल्या शेंगा निवडत होती, आणि तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. यशश्री ही तिची मुलगी. ती या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या एका उंच इमारतीत, कसल्याशा अ‍ॅपसाठी चित्रं काढत बसलेली असणार. तरी प्रतिमा "हो" म्हणाली, आणि म्हटल्यावर ते मागे घेता येईना. "अभिनंदन बरं का बेटा," तो माणूस म्हणाला. त्याने आपलं नाव शंभूराज असं सांगितलं. सांगलीच्या एका संस्थेने पंचवीस वर्षांच्या आतल्या लेखकांसाठी कथास्पर्धा ठेवली होती, तिचा तो कार्यवाह. यशश्रीच्या कथेला पहिला क्रमांक मिळाला होता, तोही एकमताने. कथा संस्थेच्या वार्षिक अंकात छापून येणार होती. समारंभ रविवारी सकाळी, ऑनलाइन. आणि पहिल्या आलेल्या लेखकाने आपल्या कथेतला एक उतारा स्वतः वाचून दाखवायचा, अशी त्यांच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत होती. उतारा परीक्षकबाईंनी निवडलाय, तो मेलवर येईल. "आवाज जरा पोक्त वाटतोय तुझा," शंभूराज शेवटी म्हणाला. "सर्दी झालीय," प्रतिमा म्हणाली. भाजीवाली मघापासून "अर्धा केजी साका, अम्मा?" म्हणून विचारत होती, एवढ्या पुरेत का म्हणून, आणि प्रतिमा शेंगांचा तेलकट वास लागलेली बोटं नाकाशी धरून नुसतीच उभी होती. बावन्नाव्या वर्षी तिला कुणीतरी बेटा म्हटलं होतं. हसावं की रडावं हे न कळून तिने चांगल्या दोन किलो शेंगा घेतल्या, ज्या सोलायला घरात कुणालाही वेळ नव्हता.

बेंगळुरूत मराठी लिहिणारी जी काही माणसं आहेत, त्यांना प्रतिमा उकिडवे हे नाव ठाऊक असतंच, पण लेखिका म्हणून नाही. स्पर्धा कुठे निघाली आहे, कुठला दिवाळी अंक नव्या माणसाचं निदान उघडून बघतो, कुठला नुसतंच "साहित्य मिळाले" असं कळवून वर्षभर मौन धरतो, हे प्रतिमाला विचारायचं. तिने त्यासाठी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता आणि त्याला 'लिहित्या हातांसाठी' असं जरा भाबडंच नाव दिलं होतं. सकाळचा दुसरा चहा झाला की ती फोन घेऊन बसे, आणि संपादकांची आवाहनं, नियतकालिकांची संकेतस्थळं, कुणाकुणाची ढकलपत्रं चाळत राही. त्यातलं खरं-खोटं तिला आता वासावरून कळायचं. 'निवडक प्रतिभावंतांचा प्रातिनिधिक संग्रह' म्हणणारे पुढे आपल्याच प्रती आपल्याच गळ्यात मारणार, हे ती आधीच सांगून ठेवी. "अप्रकाशित म्हणजे फेसबुकवरसुद्धा टाकलेली नको हं. काकूंना कौतुकाने पाठवली आणि काकूंनी सगळ्या भिशीला पाठवली, असंही नको," ती लोकांना बजावे, कारण तसं एकदा खरंच घडलं होतं आणि हातातलं बक्षीस गेलं होतं. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या राजलक्ष्मी अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की कन्नड अक्षरांत लिहितात. अक्कांची एक गोष्ट प्रतिमाने त्यांच्याकडून वाचून घेतली, बसून देवनागरीत उतरवली, तिला साजेसा अंक शोधून काढला आणि पाठवून दिली. ती छापून आली तेव्हा अक्का अंक छातीशी धरून घरी आल्या होत्या. "तू होतीस म्हणून झालं बघ गं हे. तुझं कधी येतंय मग?" त्या म्हणाल्या होत्या. "माझं काय, येईल की," प्रतिमा म्हणाली होती, पंगतीत वाढणारी बाई "मी मागून बसते" म्हणते त्या सुरात. मागून बसते म्हणणारीला कुणी फारसा आग्रह करत नाही, आणि अक्कांनीही केला नाही.

लिहायची मात्र ती पूर्वीपासून. कराडला कॉलेजात असताना तिची एक कथा भिंतीवरच्या अंकात लागली होती आणि मराठीच्या सरांनी वर्गात तिच्याकडे बघून नुसती मान हलवली होती. ती मान पुढे तिला कितीतरी वर्षं पुरली. मग उपेंद्र. विमानांच्या पात्यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्याला नोकरी, तिथली वसाहत, वसाहतीतली रांगेने लावलेली झाडं, आणि दुपारच्या वेळी एकही मराठी शब्द कानावर न येणारी शांतता. त्या शांततेला ती आधी घाबरली आणि मग तिच्या प्रेमातच पडली. त्या दुपारींत ती लिहायला लागली आणि मग यशश्री झाली. मूल झाल्यावर दुपार नावाची गोष्ट घरातून नाहीशी होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी ती लिहीत राहिली. पूर्ण काही होत नव्हतं. झालंच तर पाठवावंसं वाटत नव्हतं, अजून एकदा हात फिरवला पाहिजे असं वाटे, आणि हात फिरवेपर्यंत तारीख उलटून जाई. संपादक मुदतवाढ देत, तीही जाई. तिशीच्या आतल्यांसाठी असलेल्या स्पर्धा गेल्या, पस्तिशीच्या आतल्या गेल्या, मग नवोदित या शब्दाची लाज वाटू लागली. आता ज्येष्ठांसाठी वेगळी पारितोषिकं निघाली होती, पण त्यांत शिरायला ती अजून पुरेशी म्हातारी झालेली नव्हती. दोन्हीकडून दार लागलेल्या त्या मधल्या वयात, गेल्या वर्षी, इतकी वर्षं मनात अडकून पडलेली एक कथा तिच्या हातून एका दमात पुरी झाली. हात फिरवावासा वाटला नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात ग्रुपवर टाकण्यासाठी तिने ती सांगलीची स्पर्धा उघडली. परीक्षक सुचेताबाई. या बाईंनी एकदा तरी आपलं वाचावं, असं प्रतिमाला वीस वर्षांपासून वाटत होतं. त्यांचं परीक्षण म्हणजे सोलून काढणं. पण त्या वाचतात, नुसतं चाळत नाहीत, अशी त्यांची ख्याती. जन्मसाल निवडायची जागा आली तेव्हा तिने खाली खाली सरकवत नेलं, आणि तिचं साल येण्याच्या कितीतरी आधीच यादी संपली. पुढे जातंय का ते तरी बघू, असं म्हणून तिने यशश्रीचं साल घातलं, मग यशश्रीचं नाव घातलं, फोन नंबर आणि मेलचा पत्ता मात्र सवयीने आपलाच. गंमत म्हणून केलं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण कथा गेल्यावर ती बराच वेळ टेबलाशी बसून होती आणि तिला भूक लागेनाशी झाली होती.

संध्याकाळी यशश्री आली ती बॅग खाली टाकून, शेंगांचा ढीग बघून, "आज कोणाचं लग्न आहे?" म्हणाली. प्रतिमाने सगळं सांगून टाकलं. सांगताना ती शेंगा सोलत राहिली, म्हणजे वर बघावं लागत नव्हतं. यशश्री इतकी हसली की उपेंद्र बातम्या सोडून आत आला. "आई, हे फ्रॉड आहे, माहितेय ना तुला? म्हणजे क्यूट आहे, पण फ्रॉड आहे. तू लोकांना रूल्स सांगत असतेस!" "माहितेय," प्रतिमा म्हणाली. "मग फोन करून सांगून टाक ना, की मीच लिहिलंय." "मग बाद करतील." "करू देत. पण तू लिहिलंस हे तरी कळेल ना त्यांना." हे इतकं सरळ होतं, की प्रतिमाने ढिगातली आणखी एक शेंग उचलली. कथा छापून येऊ दे, मग सांगते, असं काहीतरी ती पुटपुटली. उपेंद्रने खुर्ची ओढून घेतली आणि शेंगांना हात घातला. "पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर," तो म्हणाला. "आणि नाव तरी घरातलंच आहे की नाही? बाहेर कुठे गेलंय?" तो चांगल्या मनाने बोलत होता. लग्न झाल्यापासून तो सगळं चांगल्या मनानेच बोलत आला होता आणि तिचं एक पानही त्याने वाचलेलं नव्हतं. आपल्याला त्यातलं कळत नाही, असं तो मोठ्या आदराने सांगायचा. "सरी, ठीक आहे, करूया," यशश्री एकदम म्हणाली. "एकदा वाचते. पण अंक आला की तू सांगायचंस, प्रॉमिस." मग दाणे तोंडात टाकता टाकता तिच्या लक्षात आलं. "पण मी वाचणार कशी? मला देवनागरी कुठे येतं?"

ते खरं होतं. यशश्री मराठी बोलायची, आईशी भांडायची ती मराठीतच, पण शाळेत तिला दुसरी भाषा कन्नड होती आणि तिसरी फ्रेंच. दुकानांवरच्या हिंदी पाट्या ती अक्षराला अक्षर जोडत, पहिलीतल्या मुलासारखी वाचायची, आणि ओळ संपेपर्यंत सिग्नल सुटायचा. "इंग्लिशमध्ये लिहून देऊ?" उपेंद्रने विचारलं. "नको बाबा, त्यात ळ कुठून आणू? कन्नडात सगळं आहे. ळ आहे, ण आहे. आई, तू फाइल पाठव मला, दोन सेकंदांत कन्व्हर्ट होतं." "नको," प्रतिमा म्हणाली. ते इतक्या जोरात निघालं, की दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "मशीन वाट्टेल ते करतं. मी सांगते, तू लिहून घे. मेल आला की फक्त उतारा." मेल दुसऱ्या दिवशी आला. उतारा कुठून कुठपर्यंत ते सुचेताबाईंनी पिवळं करून दिलं होतं, आणि तो पिवळा पट्टा प्रतिमाने दोनदा खालीवर सरकवून पाहिला. अख्ख्या कथेतून बाईंनी नेमका तोच भाग उचलला होता. तिने शंभूराजला फोन केला, सर्दीच्या आवाजात विचारलं, दुसरा उतारा चालेल का? "छे छे, बाई ऐकायच्या नाहीत," तो म्हणाला. "त्या म्हणतात कथा तिथेच आहे."

कथा खरोखर तिथेच होती. एक बाई मुलीला घेऊन शाळेत गेली आहे, मुख्याध्यापिका विचारते तिसरी भाषा कुठली, हिंदी की फ्रेंच. आणि बाई चटकन फ्रेंच म्हणते. एवढंच. हे प्रत्यक्षात घडलं होतं तेव्हा यशश्री प्रतिमाच्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत शेजारी उभी होती. घरी उपेंद्र म्हणाला होता, हिंदी घ्यायचंस, देवनागरी आलं असतं, मग मराठी आपोआप वाचता आलं असतं. फ्रेंचमध्ये मार्क मिळतात, प्रतिमा म्हणाली होती. हिंदी काय, कुठेही येतंच. कराडला तिची आई रागावली तेव्हा प्रतिमा म्हणाली होती, तिला आधीच दोन लिप्या आहेत, किती ओझं घालायचं पोरीवर. वसाहतीतल्या बायकांना तिने तिसरंच काही सांगितलं होतं. सगळी कारणं चांगली होती आणि एकही खरं नव्हतं. खरं काय ते तिने फक्त कथेत लिहिलं, आणि तेही एकाच वाक्यात: मुलीला तिने आपली भाषा बोलायला शिकवली आणि वाचायला शिकवली नाही, कारण घरात निदान एक जागा अशी हवी होती, जिथे ही पोर मागोमाग येणार नाही. लिहिलं तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं होतं. आपण किती वाईट आहोत हे नीट मांडता आलं, याचाच तिला आनंद झाला होता, लिहिणाऱ्यांना होतो तसला. हे वाक्य सांगलीला कुणी वाचेल, पुण्याला वाचेल, याची तिला भीती नव्हती. ज्या एका माणसाने वाचू नये, त्याला वाचता येणार नाही, अशी व्यवस्था तिने स्वतःच कधीची करून ठेवली होती. आता तीच पोर ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला बसणार होती.

शनिवारी जेवणं झाल्यावर त्या दोघी टेबलाशी बसल्या. यशश्रीने ऑफिसातून आणलेला जाड कोरा कागद घेतला, आणि प्रतिमा एकेक तुकडा सांगू लागली. आपलं वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली, भलत्याच गोल गोल अक्षरांत उमटताना पाहणं विचित्र होतं. तिला त्यातलं एक अक्षर धड वाचता येत नव्हतं. बसच्या पाट्यांपलीकडे तिचं कन्नड कधी गेलंच नाही. यशश्री लिहिता लिहिता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत होता. "रेंगाळली म्हणजे?" तिने विचारलं. "म्हणजे उगाच हळूहळू चालत राहिली, जायचं नसताना जातात तशी." "ओ. छान आहे. रेंगाळली." तिने तो शब्द दोनदा म्हटला. मग कथेतली बाई दुपारी लिहायला बसते, तो भाग आला. मुलगी येते, कागदावर पालथा पंजा ठेवते, काय लिहितेस म्हणून विचारते. बाई म्हणते, वाण्याची यादी. मुलगी भरगच्च ओळींकडे बघते, तिला ते पटतं आणि ती खेळायला निघून जाते. यशश्रीचा हात थांबला. "आई, हे खरं आहे! तू मला हेच सांगायचीस. मला वाटायचं, आपल्याकडे सामान किती लागतं!" ती मनापासून हसली, आणि प्रतिमाही हसली. पान पान भरून लिहिलेल्या त्या याद्या. यशश्री तेव्हा सहा वर्षांची असेल, दाराशी यायची, उभी राहायची, आणि आईला वाण्याकडून इतकं काय काय मागवावं लागतं म्हणून बिचारी आवाज न करता परत जायची.

"हे तू कधी कधी वाचून का नाही दाखवलंस गं?" यशश्रीने विचारलं. तक्रार नव्हती, तिने सहज विचारलं होतं. "म्हणजे मला वाचता येत नाही, पण कळतं ना. आत्ता कळतंच आहे." प्रतिमाला वाटलं, उठावं आणि बाल्कनीत जाऊन उभं राहावं. इतकी वर्षं ती वाचणारं माणूस शोधत होती. शंभर संपादकांचे पत्ते तिला पाठ होते, कोण कुठल्या महिन्यात काय मागवतो हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. आणि रेंगाळली या शब्दावर थबकणारं एक माणूस याच घरात, तिच्याच ताटात जेवून मोठं झालं होतं, आणि त्याला तिने हाताला धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं होतं. तिला भयंकर पस्तावा झाला. कथेत लिहिताना झाला होता तो देखणा होता, हा तसा नव्हता. हा घशाशी आलेल्या आंबट पाण्यासारखा होता आणि त्याला एकही चांगला शब्द सुचत नव्हता. तेवढ्यात शाळेतून परतायचा भाग आला. "पुढे?" यशश्री म्हणाली. पुढे ते वाक्य होतं. प्रतिमाने फोनवरच्या मजकुराकडे पाहिलं, यशश्रीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, तिच्या कानामागे गेलेल्या केसांकडे पाहिलं. मग एक ओळ सोडून तिने पुढचं सांगितलं. यशश्रीने ते लिहिलं आणि पेन उचललं. "इथे जंप आहे ना? ती शाळेच्या गेटपाशी आहे, आणि एकदम दुपार होते?" "कथेत चालतं तसं," प्रतिमा म्हणाली. "सरी," यशश्री म्हणाली, आणि लिहीत राहिली.

रविवारी सकाळी यशश्रीने चक्क खणाचा कुडता घातला होता. उपेंद्र आंघोळीला गेला होता. त्याने समारंभ म्हणजे दोन तास धरले होते, वाचन इतक्यात होत नाही असं त्याला वाटत होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोनांत चेहरे आले, कुणाच्या मागे कपाट, कुणाच्या मागे पंखा. प्रतिमा टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात न येईल अशी बसली होती, आणि तिला पडद्याची फक्त पाठ दिसत होती. पडद्यावरचा उजेड यशश्रीच्या चेहऱ्यावर पडला होता, तेवढाच समारंभ तिला दिसत होता. शंभूराजने प्रास्ताविक लांबवलं. बेंगळुरूसारख्या ठिकाणी वाढलेली मुलगी इतकं कसदार मराठी लिहिते, यावर तो पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि यशश्री दर वेळी खाली बघून हसत राहिली. मग तिने वाचलं. कन्नड अक्षरांवरून मराठी वाचत होती, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द जरा सावकाश, जरा वेगळा पडत होता, आणि प्रतिमाला आपली कथा पहिल्यांदाच कुणा दुसऱ्याची असावी तशी ऐकू आली. ती चांगली होती, हे तिला स्पष्ट कळलं. वाण्याच्या यादीपाशी यशश्रीचा आवाज किंचित हसरा झाला, तो लिहिताना कुठेच नव्हता, आणि तिथे तो हवाच होता. शाळेचं गेट आलं, दुपार आली, उतारा संपला. टाळ्या वाजवणारी चिमुकली चित्रं पडद्यावर उडत असावीत, कारण यशश्री दोन्ही हात जोडून हसत होती.

"सुंदर वाचलंस," सुचेताबाईंचा आवाज आला. म्हातारा, कोरडा आवाज. "पण एक विचारू का? एक वाक्य तू गाळलंस." यशश्रीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं लक्ष निघून गेलं. "ज्या वाक्यासाठी मी ही कथा पहिली ठेवली, नेमकं तेच. मी वाचून दाखवते, सगळ्यांना कळायला हवं." आणि बाईंनी ते वाचलं. अतिशय चांगलं वाचलं, एकेक शब्द सुटा करून, जिथे थांबायला हवं तिथे थांबून. मुलीला तिने आपली भाषा बोलायला शिकवली आणि वाचायला शिकवली नाही. प्रतिमाने टेबलाची कड धरली. यशश्री पडद्याकडे बघत होती. वाक्य संपलं तरी ती बघतच होती, आणि मग तिची नजर हातातल्या कागदावर उतरली, त्या गोल अक्षरांवर, आणि कागदाच्या त्या जागी जाऊन थांबली जिथे शाळेनंतर एकदम दुपार होत होती. तिथे तिने अंगठा ठेवला. समोर तिने अजिबात पाहिलं नाही. "मुद्दाम गाळलंस का?" बाईंनी विचारलं. "सांगितलं नाहीस तरी चालेल, पण लेखकाने असं का केलं, ते ऐकायला मला आवडेल." प्रतिमाच्या मनात आलं, आता उठावं, लॅपटॉप आपल्याकडे फिरवावा आणि सांगावं, की मी लिहिलंय. पाय हलले नाहीत. आपली कथा बाद होईल म्हणून हलले नाहीत, की त्या पडद्याकडे गेलो तर यशश्रीच्या शेजारी जावं लागेल म्हणून, हे तिला त्या क्षणीही ठरवता आलं नाही.

"हो मॅडम, मुद्दाम," यशश्री म्हणाली. तिचं मराठी एकदम फार स्वच्छ झालं होतं. "माझी आई इथे समोरच बसलीय. तिला लागेल, म्हणून मी ते गाळलं."

मग सुचेताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "समजलं, बाळ. लिहिणाऱ्याला हे चुकत नाही." शंभूराजने घसा साफ केला आणि दुसऱ्या क्रमांकाचं नाव घेतलं. यशश्रीने मान लववली, आवाज बंद केला, कॅमेरा बंद केला आणि लॅपटॉप मिटला. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. "यशू," प्रतिमा म्हणाली. इतकी वर्षं लिहून पुढचं एक वाक्य तिच्यापाशी तयार नव्हतं. यशश्रीचे डोळे भरले होते, पण ते तिने पुसले नाहीत. तिने कागद टेबलावर सपाट केला, दोन ओळींमधली जागा बोटाने चाचपली आणि पेनाचं टोपण काढलं.

"ते वाक्य सांग," ती म्हणाली. "लिहून घेते."

"बाईंनी वाचलं ना. जाऊ दे आता."

"त्यांनी वाचलं. तू सांग."

प्रतिमाने फोन घेतला नाही. तो मजकूर तिला पाठच होता. "मुलीला तिने," ती म्हणाली, आणि थांबली. यशश्री पेन टेकवून वाट बघत राहिली. "मुलीला तिने आपली भाषा बोलायला शिकवली," प्रतिमा म्हणाली, आणि समोरची मान खाली गेली आणि लिहू लागली.